बिनऐबाचा कॉम्बो

भुजंगरावांनी मदरबोर्ड उलटा केला, सुलटा केला आणि सॉकेटमधल्या बारीक पिना बोकडाचे दात बघावेत तशा डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळल्या. बोट लावायला गेले, तेवढ्यात दुकानदार रंगनाथ ओरडला, "हां हां, मामा! हात न्हाई लावायचा. एक पिन वाकली की संपलं."

"म्हंजे नाजूक हाय," भुजंगराव लेकीला म्हणाले. एक खोड तर निघाली होती.

दीपिकाने डोळे मिटून घेतले. जिंतूरजवळच्या गावात तिचं एका खोलीचं ऑनलाइन केंद्र होतं. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांची स्कॉलरशिप, सगळं गाव तिच्याकडे यायचं. गेल्या आठवड्यात विजेचा दाब वाढला आणि तिच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड धूर सोडून मोकळा झाला. विम्याची शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती. लोक कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन शेजारच्या गावच्या केंद्रावर जायला लागले होते. तिकडे गेलेला माणूस परत येईल याची खात्री नव्हती. तिकडे चहा मिळत होता.

आठ दिवस ती फोनवर भाव बघत होती. नवं घ्यावं तर रॅम आवाक्याबाहेर. यंदा सोयाबीन पडलं होतं आणि रॅम चढली होती. शेवटी परभणीत रंगनाथकडे एक कॉम्बो सापडला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, तिन्ही एकमेकांशी जुळलेले, वापरलेले आणि नव्याच्या निम्म्या किमतीत. रंगनाथने स्क्रीनला जोडून चालवूनही दाखवला.

"प्रोसेसर बाराव्या पिढीचा हाय, मामा," तो म्हणाला.

"बाराव्या?" भुजंगराव दबकले. "आमाला आज्याच्या बापाचं नाव सांगता येत न्हाई." मग त्यांनी घसा साफ केला. "आधीचा मालक कोण?"

दीपिकाला याचीच धास्ती होती. भुजंगरावांचा जन्म शेरडं-मेंढरं घेण्या-विकण्यात गेला होता. त्यांचा नियम एकच. दुसऱ्याचं जनावर घ्यायचं तर त्याच्या दारात जायचं, ते कुठं बांधलं होतं ते बघायचं आणि मालकाच्या तोंडाकडे बघून विचारायचं, का विकायलाव? दुभती शेळी कुणी उगाच विकत नसतं. विकतानाही ते कधी ऐब लपवत नसत. शेळी लाथ मारते, असं त्यांनी एकदा गिऱ्हाइकाला आपणहून सांगितलं होतं आणि शेळी घेऊन घरी परत आले होते.

"मामा, हे काय शेरडू हाय का?" रंगनाथ म्हणाला.

"शेरडू परवडलं. आजारी असलं की चरत न्हाई, कळतं तरी. हे बरं असून बी चरत न्हाई."

रंगनाथने हात जोडले आणि आधीच्या मालकाचा पूर्णेतला पत्ता दिला.

रेल्वेत दीपिका मनातल्या मनात देवाला एकच मागत होती. तो माणूस खोटारडा निघू दे, ऐब असला तरी लपवू दे.

माणिकराव रेल्वेतून रिटायर झालेले, गोड बोलणारे गृहस्थ निघाले. त्यांनी पाहुण्यांना चहा दिला आणि जागा दाखवली. खिडकीशी टेबल होतं. टेबलाखाली कॉम्प्युटरचं रिकामं कॅबिनेट होतं आणि त्यात आता लसूण ठेवला होता. भुजंगरावांनी खिडकीतून येणारा वारा हाताने अजमावला. भिंतीला ओल आहे का, बघितलं. दावण चांगली होती.

"काय ऐब?" त्यांनी विचारलं.

"ऐब कशाचा? आमची प्रियांका तीन वर्सं ह्याच्यावर लग्नाचे अल्बम करायची. नांदेडपस्तोर नाव होतं तिचं. रातंदिस चालायचा, एक डाव बंद पडला न्हाई."

"आन् मंग विकलाव का?"

दीपिकाने कप खाली ठेवला.

"लगीन झालं की हो तिचं, मागच्या महिन्यात!" माणिकराव खुशीत हसले. "सासरचे म्हणले, ते डबडं हिकडं नको. मंग इथं ठिवून काय करायचं? लग्नाआधीच विकून टाकला. तिच्या लग्नाचा अल्बम तेवढा दुसऱ्याकडून करून घ्यावा लागला."

भुजंगरावही हसले. त्यांच्या चेहऱ्यावरची आठ दिवसांची काळजी उतरली होती.

"ती काय म्हणली?" दीपिकाने विचारलं.

"कोण?" माणिकराव म्हणाले.

चहा संपला. भुजंगरावांनी तिथूनच रंगनाथला फोन लावला. "बांधून ठिव. मालक खरा माणूस हाय."

पूर्णेच्या फलाटावर त्यांनी लेकीसाठी भजी घेतली. गाडीला उशीर होता. दीपिकाच्या मांडीवरचा भज्याचा कागद तेलाने भिजत चालला होता, भजी होती तेवढीच होती. आठ दिवस तिला हवं होतं ते मिळालं होतं. शनिवारच्या आत सगळे फॉर्म भरून झाले असते. केंद्र वाचलं होतं.

भुजंगरावांनी तिच्याकडे बघितलं. पोरगी अजून खोडीला भीत असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तोंड का पाडलीस, बाई? ऐब न्हाई म्हणलं ना. तुजं लगीन ठरलं म्हंजे आपल्याला बी हे विकताना खोटं बोलावं लागणार न्हाई."