नाइट ड्युटीचा डबा

शिट्ट्या मोजायच्या नाहीत, वास बघायचा, असं बाबा म्हणायचे. मेघाने वास बघितला आणि गॅस बंद केला. वाफ जिरल्यावर कुकरचं झाकण काढलं. बड्याचं, म्हणजे म्हशीचं मटण मऊ शिजलं होतं, चमच्याने दाबलं की तुटत होतं. तिने त्याच रश्श्यात गरम पाणी ओतलं, पुन्हा गॅस लावला आणि उकळी फुटल्यावर मॅकरोनी तशीच कोरडी आत सोडली.

"वेगळी उकडत नाहीत का ती?" सिंधूताई दारात येऊन उभ्या होत्या.

"नाही. बाबा असंच करायचे, आई."

"मले काय माहीत. मी कुठं पाहिलं."

बाबा गेले, त्यांचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि तेव्हापासून सिंधूताई वरणभाताचे चार घास खाऊन उठत होत्या. आज दुपारी मात्र त्यांनी आपणहून विचारलं होतं, "ते मॅकरोनीचं मटण येते का वं तुले?" मेघा लगेच पिशवी घेऊन मोमीनपुऱ्यात मटण आणायला गेली होती. येतं, असं ती म्हणाली होती खरं. पण तिने ते कधी केलं नव्हतं. लहानपणी भाऊ प्रशिकबरोबर ओट्याला टेकून नुसतं पाहिलं होतं. आता चुकलं तर विचारायला कोणी नव्हतं, आणि बरोबर झालं की नाही हे सांगू शकेल असं माणूस समोर उभं होतं.

तिने वरून हिरव्या सांभाराची पानं चिरून टाकली आणि दोन ताटं वाढली.

सिंधूताईंनी पहिला घास बराच वेळ चावला.

"चांगलं झालं."

मेघाने चमचा खाली ठेवला. शेजारून आलेल्या वाटीलाही आई हेच म्हणायची.

"खरं सांग."

"खरंच सांगून राहिली."

"आई."

सिंधूताईंनी ताटात चमचा फिरवला. "ते नाही हे."

"काहून? तिखट कमी आहे? मीठ?"

"मटण कमी टाकलं तू."

"तेवढंच असायचं! आठवून आठवून टाकलं मी. मला आणि प्रशिकला दोन-दोन तुकडे यायचे. तिसऱ्या तुकड्यावरून त्याने मला एकदा पळीने मारलं होतं."

"काहीतरीच. माझ्या डब्यात तर मटणच मटण राहे. मॅकरोनी शोधा लागे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुझा डबा ते आधी भरायचे," मेघा सावकाश म्हणाली. "आम्ही हात धुवून येईपर्यंत भरून झालेला असायचा."

"मी म्हणो, लेकरायले द्या जरा जास्तीचं. तर म्हणे, त्यायचं पोट फुटून राहिलं, तू खा."

"फुटून राहिलं होतं! मॅकरोनीनं!"

सिंधूताई हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. मेघाने पाणी पुढे केलं. "लेकरायच्या तोंडचं काढून मले चारलं या माणसानं," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "अन् मले वाटे, आपल्या घरी मटण उरते."

मेघाने आपल्या ताटातले तुकडे वेचले आणि आईच्या ताटात ठेवले. सिंधूताई एरवी हात आडवा धरायच्या. आज धरला नाही. त्यांनी एक तुकडा, थोडी मॅकरोनी असा नीट घास घेतला.

"आता?"

"आता जरा जवळ आलं." पण कपाळावरची आठी गेली नव्हती. "ते असं पातळ नव्हतं वं. घट्ट राहे. चमचा उभा राहे त्याच्यात. अन् चरबी टाळूले चिकटे."

"छे. चांगला रस्सा असायचा. फुंकून फुंकून खायचो आम्ही. प्रशिकची जीभ दर वेळी भाजायची."

"मी काय खोटं सांगून राहिली?"

"मग मी खोटं सांगते?"

मेघा ताटातून वर येणाऱ्या वाफेकडे बघत राहिली.

"आई, तू हे कधी गरम खाल्लं होतंस?"

सिंधूताई आठवू लागल्या. बराच वेळ आठवत राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझी नाइट असली की ते हे करत. मी सकाळी वॉर्डातून घरी येईपर्यंत तुम्ही शाळेत गेलेले, ते कामावर. ओट्यावर डबा ठेवलेला राहे. हात धुतले की उभ्यानंच खात होती मी. गरम करायची ताकद कोणाले? खाल्लं की झोपली."

"मी कधी थंड नाही खाल्लं," मेघा म्हणाली.

सिंधूताईंनी ताट हातभर पुढे सरकवलं, पंख्याखाली. चमचा बाजूला ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

मेघाने उठून पंखा मोठा केला. परत येऊन तिने आपलंही ताट आईच्या ताटाशेजारी सरकवलं.

"तू काहून थांबली? तू खा. तुझं गरमच बरं."

"राहू दे."

बाहेर कोणीतरी गाडी लावली. पंख्याच्या वाऱ्याने वाफ एका बाजूला वाकत होती.

काही वेळाने सिंधूताईंनी ताटाला बोट लावून पाहिलं.

"अजून नाही निवलं," त्या म्हणाल्या.