काजव्याचा गुण

उंदराला कर्करोगाच्या पेशी टोचताना सुई संशोधिकेच्याच बोटात घुसली, त्या गोष्टीला महिना झाला होता. त्या पेशींना काजव्याचा गुण दिलेला होता. औषध टोचलं की त्या उजळायच्या आणि उंदराला न कापता गाठ कॅमेऱ्यात दिसायची. आज तिने तेच औषध स्वतःला टोचून घेतलं आणि कॅमेऱ्याच्या अंधाऱ्या पेटीत हात घातला. “परक्या पेशी अंगात टिकत नाहीत, मॅडम. उगाच जिवाला घोर लावून घेतलात,” उजेड आत जाऊ नये म्हणून पेटीच्या तोंडाशी तिच्या हाताभोवती काळं कापड गुंडाळत म्हातारा तंत्रज्ञ म्हणाला. मिनिटभराने पडद्यावर फोटो उमटला. त्यात बोट काळंकुट्ट होतं, जराही उजळलेलं नव्हतं. “बघा, मी म्हणत नव्हतो?” तो हसला. तिचा जीव भांड्यात पडला. मग दोघांनाही फोटोच्या कडेला, मनगटापाशी, काजव्याएवढा एक उजळ ठिपका दिसला. त्याचं हसू विरलं. “ताई,” तो हळूच म्हणाला, “हात आणखी आत घाला.”