शून्यावरचा बंड्या

मालक बंड्याला प्राण्यांच्या वसतिगृहात ठेवून कॅनडाला गेला, त्याला महिना झाला. गेले सहा दिवस कुत्र्याच्या गळपट्ट्यावर शून्य दिसत होतं. पट्टा जनावराची भीती मोजायचा आणि आकडा थेट मालकाच्या फोनवर पाठवायचा. वीसच्या वर गेला की भोंगा वाजायचा. माणसाच्या स्पर्शानं आकडा वाढतो म्हणून अंघोळसुद्धा यंत्रच घालायचं. इंदुमती गांगुर्डेनं फक्त काचेबाहेरून बघायचं, एवढीच तिची नोकरी.

"साहेब, हा शांत नाही. यानं वाट बघणं सोडलंय," ती मॅनेजरला म्हणाली. "याच्या आधीची मांजर अशीच शून्यावर मेली."

"मावशी, मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं? तुमची भीती मोजली तर येईल का शून्य?"

"शून्यच येईल. मला सोडून जायला घरी उरलंय कोण?"

मॅनेजर जेवायला गेला तशी ती काच सरकवून आत शिरली. बंड्याला मांडीवर घेऊन तिनं त्याच्या कानामागच्या केसांचा गुंता बोटांनी सोडवला. बऱ्याच वेळानं त्यानं तिच्या तळव्यात नाक खुपसलं. ती जायला उठली आणि तो कळवळून ओरडला. आकडा साठवर गेला, भोंगा वाजला, आणि तिच्या खिशातल्या वसतिगृहाच्या मोबाइलवर मालकाचा महिन्याभरातला पहिला फोन आला.

"काय केलंत त्याला? घाबरलाय तो."

"हो, मी निघाले म्हणून." इंदुमती पुन्हा खाली बसली. "तुम्ही निघालात तेव्हा किती आकडा होता?"



"तेव्हा मी विमानात होतो," तो म्हणाला. "फोन बंद होता."