रेंजबाहेर

पक्का रस्ता संपला तरी उन्मेषने ट्रक थांबवला नाही. शेजारी बसलेली शलाका त्याच्या कानामागे बघत होती. तिथल्या चकतीचा हिरवा दिवा विझला की रेंज संपली. रेंजमध्ये चकती कुणालाच रडू देत नसे. म्हणून त्यांची मुलगी रेवा वारल्यापासून ती दोघं दरवर्षी तिच्या वाढदिवसाला या वाळवंटात मुक्कामाला येत.

नेहमीची बाभूळ आली. दिवा हिरवाच होता. टेकडीमागे नवा टॉवर उभा राहिला होता.

"अजून पुढे जाऊ या," शलाका म्हणाली.

"डिझेल परतीपुरतंच आहे गं."

तिने ट्रकच्या मागच्या फळीवर स्टोव्ह पेटवला आणि रेवाला आवडायचा तसा अननसाचा शिरा केला. तीन ताटल्या वाढल्या. एरवी पहिल्याच घासाला दोघांना हुंदका फुटायचा आणि सगळा शिरा वाळूत पुरावा लागायचा.

या वेळी उन्मेषने ताटली चाटूनपुसून संपवली.

"मस्त झालाय," तो म्हणाला.

"साखर जरा जास्त पडली," शलाका म्हणाली. तिचीही ताटली रिकामी होती.

रेवाची ताटली तशीच भरलेली होती. वाया कशाला घालवायची, म्हणून दोघांनी तीही अर्धी अर्धी वाटून घेतली.