रेवाचा चेहरा

पन्नाशीनंतर वत्सला दुधगावकरला घरसजावटीची कामं मिळेनाशी झाली, तेव्हा तिने डिजिटल मुखवटा विकत घेतला. व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाइकांना आता तिच्याऐवजी तिशीतली, गोड आवाजाची, सदा हसरी रेवा दिसायची. कामं परत येऊ लागली. कुडाळच्या प्रभावतीबाईंचं घरही रेवानेच कॉलवरून सांगून लावून दिलं. त्या एकट्याच राहायच्या, त्यामुळे काम संपल्यावरही रोज रेवाला फोन करायच्या.

एक दिवस त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी हात टेकले गं. एकदा भेटून जा."

वत्सला गेली. खाटेजवळ बसून तिने त्यांचा हात हातात घेतला. "मावशी, मीच रेवा. चेहरा खोटा होता, पण बोलत होते ती मीच."

प्रभावतीबाईंनी हात सोडवून घेतला. "मरणाऱ्या माणसालाही फसवता? जा तुम्ही."

वत्सला अंगणात येऊन उभी राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. प्रभावतीबाईच होत्या. तिने मुखवटा चालू केला.

"रेवा, कुणी बाई तुझं नाव सांगत आली होती. जपून राहा हो बाळा. तू कधी येतेस?"

वत्सलाच्या डोळ्यांना धार लागली होती. पडद्यावर रेवा हसत होती.

"निघालेय, मावशी," ती म्हणाली.