दोन ते तीन

निळ्या स्केचपेनने आखलेले चोवीस रकाने.

पाच मिनिटं पाठ टेकते, असं स्वतःशीच म्हणून उशीही न घेता फरशीवर आडवं होणं.

पाच खाकी शर्ट. पाचांचीही वरची गुंडी तुटलेली.

स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला मोबाईल. गजर वाजून वाजून दमलेला.

सलग आठ रविवार डोकं दुखणं.

आणि बावड्यातल्या एका गल्लीत तळणाचा वास. तोही नेमका त्या घरातून, जिथून यंदा तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

अक्षता दारातच थबकली. रडायची तयारी करून आली होती ती. आत आक्का पोळपाट मांडून करंज्या लाटत बसल्या होत्या. नवरा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

"ये की. हात धू आणि सारण भराय बस. नाताळ काय माझ्यासाठी थांबतोय व्हय?"

अक्षता बसली. सारण भरू लागली.

आक्कांचे मालक, जयसिंगमामा, सिटी बसवर ड्रायव्हर होते; ते खाकी शर्ट त्यांचेच. लिव्हर गेलं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा चर्चच्या मंडळीने साखळी प्रार्थना धरली. चोवीस तास, चोवीस जण, एकवीस दिवस. एकाची वेळ संपली की दुसऱ्याने आपापल्या घरी गुडघ्यावर यायचं. "एकही कडी सुटता कामा नये," असं पाळकसाहेबांनी उपासनेत बजावलं होतं. अक्षताची कडी दुपारी दोन ते तीन. सतराव्या दिवशी, मंगळवारी, ती झोपली. उठली तेव्हा चार वाजायला आले होते. गुरुवारी मामा गेले.

तेव्हापासून दर रविवारी डोकं दुखतंय म्हणून ती चर्चला गेली नव्हती. घरीही हात जोडले नव्हते.

"आक्का, मला एक सांगायचंय."

"सांग. पर कड नीट दाब, तेलात फुटंल."

अक्षताने सांगून टाकलं. मंगळवार, फरशी, गजर. सगळं सारणाच्या ताटाकडे बघत, एका दमात. "माझ्यामुळं साखळी तुटली, आक्का. मी झोपले नसते तर मामा..."

लाटणं थांबलं. अक्षताने मान खाली घातली. आठ आठवडे ज्याला भ्यायली होती ते आता येणार होतं.

"म्हंजे बाकीच्या तेवीस जणांचं देवानं ऐकून घेतलं," आक्का म्हणाल्या, "आणि दोन वाजता तू घोरत व्हतीस म्हणून फाईल बंद केली? लईच मोठी लागून गेलीस की गं तू!"

"आक्का, चेष्टा नका ना करू."

"चेष्टा कुणाला सुचतीय? माझी पाळी सकाळी सात ते आठ. इतक्या दिवसांत एकदाबी डोळं मिटलं न्हाईत मी. ह्यास्नी आंघोळ घालायची, दाढी करायची. आणि ह्ये बसल्या जागंवर पाळकसाहेबांची नक्कल करायचं. हसून हसून माझं पोट दुखायचं. प्रार्थना कवा करू?"

अक्षताला हसू फुटलं. त्याची तिला लाज वाटली. मग हळूहळू ती लाजही गेली.

"देवाचा राग नाही आला तुम्हाला?"

"आला की. आठ दिस बोललोच न्हाई त्याच्याशी." आक्कांनी एक करंजी कढईत सोडली, ती वर येईपर्यंत बघत राहिल्या. "मग करमंना. मागितल्यालं दिलं न्हाई त्येनं. पर घर एक दिस रिकामं ठेवलं न्हाई. ती शेजारची यल्लव्वा, अजून रोज अकरा वाजता गुडघ्यावर बसती. म्हटलं, बाई, आता कुणासाठी? तर म्हणाली, थांबा म्हणून कुणी सांगितलंच न्हाई की!"

भिंतीवर प्रार्थनेच्या पाळ्यांचा तक्ता तसाच चिकटवलेला होता. चोवीस नावं. फक्त एका रकान्यात अक्षताच्या नावाखाली पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं : आक्का.

"ते काय?"

"तू तोंड लपवून बसलीस म्हणून तुझी पाळी मीच भरतोय. आणि मला दुपारची झोप आवरत न्हाई. रोज पेंगतोय. तुझं तू परत घे बाई."

"आजपासून?"

"मग काय पुढच्या नाताळापासनं?"

अक्षताने घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन. तिने पुढची पारी हातावर घेतली, सारण बेताचं भरलं आणि कड दाबत आणली. नखाची खूण सगळीकडे सारखी उमटली.

त्या मंगळवारी दुपारी, अक्षता झोपली होती तेव्हा, जयसिंगमामांनी आख्खं सीताफळ खाल्लं होतं, आणि एकेक बी खिडकीतून लांब, पार रस्त्यापर्यंत थुंकली होती.