काकूंनी सांगायचं नाही

काकांनी पुन्हा चित्र बायकोकडे सरकवलं.

"नाही हं काका," थेरपिस्ट म्हणाली. "परीक्षा तुमची आहे. काकूंनी सांगायचं नाही."

"मी कुठं सांगतेय!" काकू हसल्या. "मला बोलायची परवानगीच नाही."

चित्रात कुलूप होतं. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करण्यात आणि किल्ल्या घासण्यात घालवलेला माणूस, आणि तो कुलपाचं चित्र डाव्या हाताने दूर ढकलत होता. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. सात महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, हात गेला आणि हाताबरोबर शब्दही गेले. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. माणसाला समजतं सगळं, शब्द तेवढा ओठांवर येत नाही.

पहिल्या महिन्यात काका शून्यावरून चार शब्दांवर आले होते. थेरपिस्टला मोठी आशा वाटली होती. मग कुठे माशी शिंकली कोण जाणे. चित्र समोर ठेवलं की ते सरळ काकूंकडे सरकवायचे आणि थेरपिस्टच्या तोंडाकडे बघत ढिम्म बसायचे. बायकोच्या मदतीशिवाय पान हलत नाही, असं तिने फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं.

आज शेवटची चाचणी होती. तिने नवा फॉर्म काढून वर काकांचं नाव लिहिलं. गुण वाढले नाहीत तर मंगळवारची ही वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागणार होती. विभागाचा नियमच तसा होता, आणि बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती. तिला वाईट वाटत होतं. थोडा रागही येत होता, कारण काकांना इथे यायची तर कोण हौस, आणि आल्यावर प्रयत्न मात्र नाही!

"मंगळवार आला की उजाडल्यापासून बूट घालून बसतात," काकू सांगत होत्या. "मला तर हाताला धरून ओढत आणतात. आज मात्र उशीरच झाला. ते आपलं… वर यायचं ते बंद होतं ना."

"लिफ्ट."

"हां, तेच. जिने चढून आलो बाई."

समोरचा अडला की शब्द पुरवायचा, ही थेरपिस्टची जुनी खोड. नवरा तिला चिडवायचा, की एखादं वाक्य माझं मला संपवू दे.

"वही आणलीय?"

काकूंनी पिशवीतून वही काढली. घरी रोज दहा चित्रं चिकटवायची आणि खाली नावं लिहायची. लिहायचं काम काकूंना दिलं होतं, पण अक्षर डाव्या हाताचं होतं, वेडंवाकडं आणि मोठ्या कष्टाने काढलेलं. काका स्वतःच लिहीत होते. थेरपिस्टला ते आवडलं.

"वहीचं काय घेऊन बसलात," काकू म्हणाल्या. "घरभर चिठ्ठ्या लावल्यात ह्यांनी. दारावर दार, नळावर नळ. डब्यांवर तर विचारूच नका. उद्या माझ्या कपाळावर 'बायको' म्हणून चिकटवतील."

थेरपिस्टला हसू आलं. काका हसले नाहीत.

तिने खुर्ची पुढे ओढली. "काका, नीट ऐका. घरी एवढा सराव करता आणि इथे प्रयत्नच करत नाही. आज नाही जमलं तर पुढच्या मंगळवारपासून यायचं नाही. कळलं?"

काकांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत होती. मग त्यांनी ढकललेलं चित्र स्वतःकडे ओढलं.

"कु… कुलूप."

थेरपिस्टने पुढचं चित्र ठेवलं.

"कं… कंगवा."

छत्री. चमचा. शिडीपाशी त्यांना घाम फुटला, पण त्यांनी ती सोडली नाही. कात्री आधी दोन बोटांनी कापून दाखवली आणि मग म्हटली. दहाच्या दहा.

"अहो काका!" थेरपिस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. "येत होतं तर इतके दिवस माझा जीव का खाल्लात? काकू, सुटलात तुम्ही. आता यायची गरजच नाही."

"सुटलो बाई एकदाचे," काकू म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावून उठल्या.

काका उठले नाहीत.

"नाही," ते म्हणाले. त्यांनी थेरपिस्टच्या हातातलं पेन काढून घेतलं. फॉर्मवरच्या स्वतःच्या नावावर एक आडवी रेघ मारली. खाली, वहीतल्याच त्या वेड्यावाकड्या अक्षरात, दुसरं नाव लिहिलं. बराच वेळ लागला. थेरपिस्टने ते उलट्या बाजूने वाचलं. बायकोचं नाव होतं.

मग त्यांनी कुलपाचं चित्र उचललं आणि काकूंसमोर ठेवलं.

थेरपिस्ट सवयीने "नाही हं" म्हणणार होती. ती थांबली. वहीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"काकू, बसा जरा," ती म्हणाली. "आज परवानगी आहे. हे काय आहे?"

काकू चित्राकडे बघत राहिल्या. थेरपिस्टच्या ओठांवर शब्द आला होता, तो तिने गिळला. काकूंनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. मग नेहमीसारख्या हसल्या आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "सांगा ना."